वृद्धाश्रमाची निवड आणि आपले वाङ्मय

दिवाळी उलटली की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडईचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्याबरोबर झाडीपट्टीची नाटकेही. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो. नाटक संपते तेव्हा पूर्वेला तांबडे फुटलेले असते. वडसा-देसाईगंज हे या रंगभूमीचे माहेरघर. तेथील नाटकमंडळ्या होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील गावे पालथी घालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी या रंगभूमीकडे जरा वळून पाहिले. प्रेक्षकांची वाण मात्र तिला त्यापूर्वीही कधी नव्हती.

चामोर्शी तालुक्यातील एका गावी मी असेच एक नाटक पाहिले. कथानक परिचयाचेच होते. विधवा आई, तिने मोलमजुरी करून शिकविलेला मुलगा, शहरातून आलेली सून, आणि तिसऱ्या अंकात रंगविलेल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'वृद्धाश्रम'. आईची पत्र्याची पेटी रंगमंचावर आणून ठेवली तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येऊ लागले. माझ्या शेजारी घोंगडीत गुरफटून बसलेली एक वृद्धा मात्र रडत नव्हती. सकाळी चहाच्या टपरीवर ती पुन्हा भेटली. मी विचारले, "आजी, तुम्हाला नाटक आवडले नाही का?" ती म्हणाली, "नाटक बेस होतं जी. पण पोरगा वाईट नाही राहत जी. पोट वाईट." तिचा मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात जातात. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दोन-अडीच महिने घरात ती आणि नातू, दोघेच असतात. तिला कोणी टाकलेले नाही. तरी त्या दिवसांत ती पडली, तर उचलायला घरात आठ वर्षांचा नातू आहे.

हे वाक्य मला एखाद्या समीक्षाग्रंथापेक्षा अधिक उपयोगी पडले आहे. वृद्धत्वाविषयीच्या आपल्या नाटक-कथांना एक खलनायक लागतो. तो बहुधा सून असतो, क्वचित मुलगा, फारच धीट लेखक असेल तर मुलगी. वृद्धाश्रम ही त्या कथानकातील शिक्षेची जागा. तुरुंगाचे दार लागावे तसे त्याचे दार लागते आणि कथा संपते. दाराच्या आत काय आहे, तेथे किती खाटा आहेत, रात्री कोण जागे असते, भाजी कोण निवडते, हे वाचकाला कळत नाही, कारण लेखक आत गेलेलाच नसतो. ज्याला खरोखर आपल्या आईसाठी, आत्यासाठी, अविवाहित काकांसाठी अशी जागा निवडायची आहे, त्याला या वाङ्मयातून अपराधाची भावना तेवढी मिळते. निवडीचा विवेक मिळत नाही. ही माझी तक्रार आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

शब्दापासूनच आरंभ करावा. 'वृद्धाश्रम' या शब्दातील आश्रम आपण चार आश्रमांतून उचलला. तिसरा आश्रम वानप्रस्थाचा. तेथे घर सोडणारा स्वतःच्या पायांनी निघतो, कारभार पुत्राच्या हाती देऊन अरण्याकडे जातो. ती निवड जाणाऱ्याची असते. आधुनिक वृद्धाश्रमात जाणारा बहुधा दुसऱ्याच्या मोटारीत बसून जातो. शब्द तोच राहिला, पण कर्ता बदलला. आणि चामोर्शीसारख्या ठिकाणी या रूपकाची आणखीच गंमत होते, कारण येथे अरण्य दाराशीच आहे. येथील वृद्धाला आश्रमात जायचे तर अरण्य सोडून नागपूरकडे, शहराकडे जावे लागते. नावे देण्यात मात्र आपण कधी कमी पडलो नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात वृद्ध व पंगू स्त्रियांसाठी जे घर उभारले त्याचे नाव प्रीतिसदन. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती शासनाच्या काळात जिल्हावार वृद्धाश्रमांची योजना निघाली तिचे नाव 'मातोश्री'. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांच्या संस्थेने ज्येष्ठांसाठी जी वसाहत केली तिचे नाव 'उत्तरायण'. या नावांत मला सर्वांत बोलके वाटते ते उत्तरायण. भीष्म शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहत पडले होते, म्हणजे मरणाचीच वाट पाहत होते. हा अर्थ कोणालाही सुचेल. परंतु महाभारतात त्या प्रतीक्षेच्या काळात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. राज्य जिंकलेला युधिष्ठिर रोज त्या म्हाताऱ्याच्या उशाशी येऊन बसतो आणि प्रश्न विचारतो. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व ही दोन अवाढव्य पर्वे त्या प्रश्नोत्तरांनी भरली आहेत. वृद्धाला औषध, अन्न, पाणी याखेरीज विचारणारा लागतो, हे व्यासांनी जाणले होते.

विचारणारा न उरणे हाच 'नटसम्राट'चा गाभा आहे, असे माझे मत आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शेक्सपियरच्या 'किंग लिअर'ची सावली त्यावर आहे हे सर्वज्ञात आहे. गणपतराव बेलवलकर मुलगा आणि मुलगी यांना सर्व देऊन टाकतो, दोन्ही घरांतून अपमानित होऊन बाहेर पडतो, पत्नी कावेरी मरते आणि बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा त्याला जवळ करतो. या नाटकाची गेल्या अर्धशतकातील लोकप्रियता मुलांवरील आरोपपत्र म्हणून झाली आहे. झाडीपट्टीतील पडद्यावरचा वृद्धाश्रम हे त्याचेच दूरचे अपत्य. परंतु संहिता नीट वाचावी. शिरवाडकरांनी मुलांना राक्षस केलेले नाही. म्हाताऱ्याची बेलगाम जीभ, त्याच्या सवयी, रंगभूमीवरच्या सम्राटपदाची घरातही सुटत न चाललेली नशा, हे सर्व नव्या संसाराच्या शिस्तीला टोचते आणि ते टोचणे नाटककार लपवीत नाही. गणपतराव जे देतो ते मालमत्ता म्हणून देतो. मागतो मात्र प्रेक्षक. आणि कौटुंबिक घर ही जागा प्रेक्षागृह होऊ शकत नाही. त्याला पुन्हा श्रोता मिळतो तो पदपथावर, ज्याचा त्याच्या रक्ताशी काहीही संबंध नाही अशा मुलात.

कायद्यानेही या नाटकाला एक उशिराचे उत्तर दिले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा जो कायदा २००७ साली झाला त्याच्या तेविसाव्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविता येते. बेलवलकराला हे कलम माहीत असते तर नाटकाचा दुसरा अंक न्यायाधिकरणापुढे झाला असता आणि तिसरा लिहिताच आला नसता! त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमांची अपेक्षा आहे. कलम वाचून घर मिळत नाही, तसे कलम वाचून श्रोताही मिळत नाही.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'विषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ते नाटक मला आवडते आणि तरीही प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ते एक बंद दार आहे. विजया मेहता आणि माधव वाटवे यांनी नाना-नानी अमर केले. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा सैन्यात जाऊन गेलेला. म्हातारा-म्हातारी दोघेच घरात. शेवटी झोपेच्या गोळ्या. येथे खलनायक नाही, ही दळवींची फार मोठी प्रामाणिकता. पण त्या घराला शेजार का नाही, चाळ का नाही, देऊळ-भजनीमंडळ का नाही? नाटककाराने सर्व वाटा हेतुपूर्वक बुजविल्या आहेत आणि मग म्हाताऱ्यांना एकच वाट ठेवली आहे. ती निवड नव्हे. ते नाटककाराने केलेले नेपथ्य आहे.

आता आपल्याच अंगणात पाहावे. आपल्या नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांत वृद्धाश्रमावर एक तरी कथा असते. या पृष्ठांतही अशा कथा छापल्या गेल्या आहेत आणि त्यांतील दोन-चार मीही वाखाणल्या आहेत, हे कबूल करतो. धर्मभगिनी चालवीत असलेला आश्रम, गव्हाणीपुढे बसलेली आजी, चोवीस डिसेंबरची रात्र, आणि मध्यरात्रीच्या ख्रिस्तयागाच्या घंटेबरोबर दारात उभा राहिलेला पश्चात्तप्त मुलगा. कथा अश्रूंत विरघळते. पंचवीस तारखेला काय होते, मुलगा आजीला घरी नेतो की केक देऊन परत जातो, हे कोणी लिहीत नाही. या कथांतील धर्मभगिनी नेहमी हसतमुख असतात. त्या कधी थकत नाहीत, त्यांची कंबर दुखत नाही, त्या स्वतः कधी म्हाताऱ्या होत नाहीत. ही भक्ती नसून आळस आहे असे मला वाटते. आपण सेवा त्यांच्याकडे सोपविली आणि नंतर त्यांच्याकडे बघण्याचेही सोडून दिले.

शुभवर्तमान याहून कितीतरी कठोर आहे, आणि कितीतरी मोकळेही. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू 'कुर्बान'ची गोष्ट काढतो. आईवडिलांना द्यावयाचे ते देवाला वाहिले आहे असे जाहीर केले की मुलाची सुटका होते, या धार्मिक पळवाटेवर त्याचा कोरडा चालतो. आपल्या धर्मग्रामांत मंदिराच्या नव्या फरशीसाठी मोठी देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात. त्यांतील काहींच्या आया कोठे आहेत हे संगमरवर सांगत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात आद्य ख्रिस्तसभेतील पहिले भांडण नोंदविलेले आहे, आणि ते धर्मसिद्धांतावरून झालेले नाही. ते रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होते म्हणून झालेले आहे. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर प्रवेशाचा नियमच आहे: सभेच्या यादीत साठ वर्षांखालची विधवा घ्यावयाची नाही, आणि जिला आप्त आहेत तिचा भार आप्तांनी वाहावा. म्हणजे आश्रम की घर, हा वाद पहिल्या शतकातलाच आहे आणि पवित्र शास्त्राने दोन्हींना जागा ठेवली आहे.

परंतु या सर्वांहून माझ्या मनात ठसलेला प्रसंग योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आहे. क्रुसावरील पुत्र आपल्या आईची सोय लावतो. नीट पाहिले तर हा वृद्ध नातेवाइकासाठी घर निवडण्याचाच प्रसंग आहे, आणि निवडले गेलेले घर आप्ताचे नाही. सख्खा-चुलत कोणी नसेल असे नव्हे. शुभवर्तमानांत प्रभूच्या 'भावांचा' उल्लेख अनेकदा येतो. तरीही पवित्र मरियेला एका शिष्याच्या हाती दिले जाते आणि त्या घटकेपासून तो तिला आपल्या घरी नेतो. प्रवचनांत आपण याचा अर्थ ख्रिस्तसभेची माता असा लावतो, तो योग्यच आहे. पण त्याखाली एक साधा व्यवहार आहे. मरणारा मुलगा विचारतो: क्रुसाखाली शेवटपर्यंत कोण उभे राहिले आहे? जो उभा राहिला त्याच्याकडे आई जाते. शिरवाडकरांचा राजा आणि योहानाचा प्रिय शिष्य यांच्यात मला म्हणूनच एक नाते दिसते. आणखी एक गोष्ट: प्रभू दोनदा बोलतो. एकदा शिष्याला, आणि त्याआधी आईला. प्रथम तिला सांगितले जाते. आपण बहुतेक वेळा शिष्याशी, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापकाशी, सर्व ठरवून येतो आणि मग आईला कळवितो.

निवड करणारी वृद्धा पाहायची असेल तर मला मराठीबाहेर जावे लागते. म्यूरियल स्पार्क ही स्कॉटिश कादंबरीकार १९५४ साली कॅथलिक झाली आणि १९५९ साली तिने 'मेमेंटो मोरी' लिहिली. त्या वेळी ती चाळिशीतच होती. कादंबरीत जवळजवळ प्रत्येक पात्र सत्तरीच्या पुढचे आहे. तेथे एक रुग्णालयाचा कक्ष आहे. त्यातील बारा वृद्धांना परिचारिका नावाने हाक मारीत नाहीत, सगळ्यांना आजीच म्हणतात. त्यांतील जीन टेलर ही जन्मभर दुसऱ्याच्या घरी राबलेली, श्रद्धावान, तल्लख बाई. ज्यांच्या घरी ती राबली ती शार्मियन कोलस्टन पंचाऐंशी वर्षांची नामवंत लेखिका आहे, स्वतःच्या घरात नवऱ्याबरोबर राहते, आणि घरात आलेल्या कारस्थानी कारभारणीच्या धाकाखाली आहे. म्हणजे आश्रमात असलेली स्त्री मनाने स्वतंत्र आणि घरात असलेली कैदी. आपल्या वाङ्मयाने गृहीत धरलेले समीकरण स्पार्कने असे उलटे केले.

या कादंबरीत मला सर्वांत आवडते ते एक लहानसे प्रकरण. घरात कोणी नसताना शार्मियन स्वतःचा चहा स्वतः करते. किटली, पाणी, भांडी, तबक, एकेक गोष्ट थरथरत्या हाताने, मध्ये थांबत, आठवत. लढाईचे वर्णन करावे तशा गांभीर्याने लेखिकेने ते वर्णन केले आहे आणि चहा झाल्यावर वृद्धेला जो आनंद होतो तो विजयाचा आहे. पुढे हीच शार्मियन आपण होऊन सरे परगण्यातील शुश्रूषागृहात जायचे ठरविते. तेथे कोणी पेटी बाहेर फेकत नाही, पडद्यावर अक्षरे उमटत नाहीत. एक म्हातारी बाई आपल्या भीतीचा आणि आपल्या उरलेल्या शक्तीचा हिशेब करून घर बदलते, इतकेच. स्पार्क भावुक नाही. कधीकधी तर ती निर्दय वाटते. परंतु वृद्धांना ती माणसे समजते. ती लबाड असू शकतात, मत्सरी असू शकतात, मृत्युपत्रावरून भांडू शकतात. दया करणारा लेखक एवढा आदर क्वचितच दाखवितो.

संस्था काढणारांच्या चरित्रांतही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात १८३९ च्या हिवाळ्यात जान ज्युगाँ नावाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या मोलकरणीने एका आंधळ्या, पंगू विधवेला उचलून आपल्या खोलीत आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मसंघ झाला. १८८२ मध्ये तो कलकत्त्यास आला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली जानला संतपद दिले. तिचे चरित्र सांगताना आपण बिछान्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. खरे तर पुढचा भाग अधिक बोधक आहे. सल्लागार धर्मगुरूने तिला प्रमुखपदावरून दूर केले, आणि आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे तिने आपणच उभारलेल्या संघाच्या मातृगृहात, नव्या भगिनींना तिची खरी ओळखही नसताना, काढली. १८७९ मध्ये ती वारली. वृद्धांना आसरा देणारी बाई आपल्याच आश्रयगृहात एक अनोळखी वृद्धा होऊन राहिली. यावर मराठीत एक नाटक व्हायला हवे. त्याला खलनायकाचीही अडचण पडणार नाही, पण तो खलनायक सून नसेल.

अलीकडच्या मराठी कलाकृतींत 'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा चित्रपट मला या विषयात सर्वांत पुढे गेलेला वाटतो. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने लहान मूल झाले आहेत. मुलगी इरा सुशिक्षित, प्रेमळ, थकलेली. एक दिवस रस्त्यावरच्या हत्तीमागे ते चालत जातात आणि माहुताच्या बिऱ्हाडात पोचतात. माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना भरविते, निजविते, आणि ते तिला आई समजतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटावर असा आक्षेप घेता येईल की गरिबाच्या झोपडीत माया आपोआप असते हा एक शहरी भाबडेपणा आहे. दोन दिवस सांभाळणे आणि दहा वर्षे सांभाळणे यांत अंतर आहे, आणि चन्नम्माला ते दहा वर्षे करावे लागले तर तिचीही इरा होईल. आक्षेप मला मान्य आहे. तरीही सिराख-पुत्राच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाची मला आठवण होते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील तो ज्ञानी पुरुष पुत्राला सांगतो की पित्याची बुद्धी ढळली तरी त्याला सांभाळून घे, तुझ्यापाशी बळ आहे म्हणून त्याचा पाणउतारा करू नकोस. इतक्या नेमक्या शब्दांत हा रोग आपल्या पवित्र ग्रंथात आहे आणि आपल्या प्रवचनांत नाही.

'अस्तु'ने एक प्रश्न मात्र असा उभा केला की जो आश्रम निवडताना मी कोणाला विचारताना ऐकलेला नाही: तेथील सेविका कोणती भाषा बोलते? चामोर्शी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. झाडीबोली बोलणारे कुणबी-तेली, गोंडी बोलणारे आदिवासी, दक्षिणेकडे तेलुगू, आणि पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून येऊन वसलेल्या गावांतून बंगाली. शहाणपण ओसरू लागले की शिकलेली भाषा आधी जाते आणि पाळण्यातली शेवटी. नागपूरच्या एखाद्या स्वच्छ दालनात एखादी बंगाली आजी पाणी मागत असेल आणि ती काहीतरी बरळते आहे अशी नोंद वहीत होत असेल, ही कल्पना मला छळते.

मला ती छळण्यास कारण आहे. माझी थोरली आत्या चामोर्शीला असते. सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून ती वसईहून या जिल्ह्यात आली, तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. लग्न केले नाही, निवृत्तीनंतर परतही आली नाही. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्यापासून काठी घेते. महिन्यातून एकदा धर्मगुरू तिच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. ते केरळचे आहेत आणि तिच्याशी हिंदीत बोलतात, ती त्यांना मराठीत उत्तर देते. आमच्या घरी तिसऱ्या मजल्यावर उद्वाहन नाही. म्हणून मी एका मोठ्या शहराजवळचा, नाव घेत नाही असा, आश्रम पाहून आलो. व्यवस्थापकांनी मला बाग, प्रार्थनागृह, दूरचित्रवाणीचे दालन आणि अनामत रकमेचा तक्ता दाखविला. रात्री किती माणसे जागी असतात असे विचारले तेव्हा त्यांनी भिंतीवरचे कॅमेरे दाखविले. स्वयंपाकघर पाहायला मिळाले नाही. मी परतलो आणि तरीही, खरे सांगतो, बाग चांगली होती म्हणून होकार देण्याच्या बेतात होतो.

आत्याला मी हे सांगायला गेलो ते योहानाचा एकोणिसावा अध्याय विसरून, म्हणजे सर्व ठरवून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू नाटकातल्या मुलासारखा तोंड पाडून कशाला बसलायस? मी काही नाही म्हटलेलं नाही. मला कोणी विचारलंच नाही अजून." आणि थोड्या वेळाने, "तिथं चहा मला करू देतील का?" तिने स्पार्कचे नावही ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्कंड्याला गेलो. चामोर्शीपासून जवळच वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते आणि काठावर ते दगडी शिल्पांचे देवालय आहे. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मृकंडू ऋषीला वर मिळाला तो निवडीसह: मंद पण दीर्घायुषी पुत्र हवा की गुणी पण सोळा वर्षांचा? त्याने दुसरा मागितला आणि मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारून मृत्यूला परतविले. तेव्हापासून तो चिरंजीव आहे आणि सोळा वर्षांचाच आहे. ग्रीकांच्या पुराणात टिथोनस आहे, त्याला अमरत्व मिळाले पण तारुण्य मागायचे राहून गेले आणि तो झिजत झिजत नुसता आवाज उरला. आपल्या पुराणाने म्हातारपण टाळूनच अमरत्व दिले. पुराणकारांनाही त्या दाराच्या आत जायचे नव्हते असे दिसते. आत्या गाडीतच बसून होती. देवळाच्या पायऱ्या तिला जमत नाहीत. ती काचेतून नदीकडे बघत होती आणि तिने आपल्या पिशवीतून जुन्या नोंदवहीचा कागद काढून मला दिला. चाळीस वर्षे रात्रपाळीचा तक्ता भरलेल्या हाताचे ते अक्षर होते. रात्री किती रुग्णांमागे एक बाई. पडल्यास कळविण्यास किती वेळ. न्हाणीघराचे दार बाहेरून उघडते का. सेविकांना पगार वेळेवर मिळतो का, आणि त्या किती दिवस टिकतात. मासळी मिळते का. मराठी बोलणारी कोणी आहे का. पटले नाही तर महिन्याने परत येता येईल का, आणि तोवर चामोर्शीचे घर कोणी विकणार नाही ना. शेवटच्या ओळीवर तिने काट मारली होती. तरी खालचे शब्द वाचता येत होते. रात्री दिवा कोण मालवणार.

त्या आश्रमाला मी हा कागद पाठविला आहे. उत्तर आलेले नाही. आनंदवनाकडे आणि आणखी एका ठिकाणी जाऊन बघायचे आहे; या खेपेस ती बरोबर येणार आहे, पण जत्रा झाल्यावर, असे तिने सांगितले आहे.